शहरी विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापकाची निवड कशी करावी

समाजशास्त्र विभागाला नवा प्राध्यापक नेमायचा असतो तेव्हा एक विचित्र परिस्थिती उद्भवते. नोकरभरतीत माणसे कशी चुकतात याचा सखोल अभ्यास ज्या थोड्या विद्याशाखांनी केला आहे त्यांत समाजशास्त्र अग्रभागी आहे. नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक पोहोचते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले. अधिकारी आपल्यासारख्याच माणसांना पुढे आणतात, हे रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासातून दाखवले. ज्याला आधीच मान मिळाला आहे त्यालाच पुढचा मान सहज मिळतो, या प्रवृत्तीला रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच नाव दिले होते. हे सारे वर्गात शिकवणारी मंडळी निवड समितीत बसली की मात्र बहुतेक वेळा ओळखी, आवडीनिवडी आणि पहिल्या दहा मिनिटांत झालेले मत यांवर विसंबतात. समितीचा भर उमेदवाराची पारख करण्याच्या कौशल्यावर असण्यापेक्षा तिने स्वतःवर आधीच घालून घेतलेल्या बंधनांवर असावा, हे गृहीत धरून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

पद कशासाठी हवे आहे, हे आधी ठरवा

कुणी निवृत्त झाले किंवा सोडून गेले की त्याच्याच विषयाचा दुसरा माणूस शोधण्याकडे विभागाचा स्वाभाविक कल असतो. धर्माचे समाजशास्त्र शिकवणारे गेले, म्हणून धर्माच्या समाजशास्त्राचा अभ्यासक हवा, असे ठरते. हा निर्णय कधीकधी योग्यही असतो, पण तो विचार करून घेतलेला असावा. त्यासाठी मागील तीन-चार वर्षांचा कार्यभार समोर ठेवावा : कोणते अभ्यासक्रम कागदावर आहेत पण चालत नाहीत, कोणते दरवर्षी तासिकांपुरत्या नेमलेल्या शिक्षकांकडे सोपवावे लागतात, कोणत्या विषयावर प्रबंध करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळत नाही. अशी पाहणी केली की बऱ्याच विभागांत एकच उणीव ठळकपणे समोर येते. लिंगभाव, श्रम, आरोग्य, धर्म, शिक्षण असे विषय सांगणारे अनेक असतात. पण संशोधनपद्धतीचा, विशेषतः संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम शिकवायला कुणी आनंदाने पुढे येत नाही. ही गरज जाहिरातीत लपवून ठेवायची आणि नेमणूक झाल्यावर नव्या माणसाच्या गळ्यात घालायची, हा प्रकार सर्रास होतो आणि त्यातून पहिल्याच वर्षी कटुता निर्माण होते.

या पाहणीनंतर एक पानाचे टिपण लिहावे. पहिल्या तीन वर्षांत या व्यक्तीने कोणते अभ्यासक्रम शिकवावेत, कोणत्या प्रकारचे संशोधन विभागात आणावे आणि किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे, इतकेच त्यात असावे. विभागातील प्रत्येकाने आपापली इच्छा त्यात घुसडली की हे टिपण पाच माणसांचे वर्णन होऊन बसते : परिमाणात्मक (आकडेवारीच्या) पद्धतींत पारंगत, सिद्धान्तात खोल, दीर्घ क्षेत्रकार्याचा अनुभव, प्रशासनात तरबेज आणि शिवाय मोठा निधी मिळवणारा. असा माणूस अस्तित्वात नसतो. असलाच तर तो तुमच्याकडे अर्ज करणार नाही. अनिवार्य अटी तीन किंवा चार, इष्ट अटी दोन, याहून अधिक लिहू नयेत. ज्येष्ठ व्यक्ती हवी की उमेदीतली, हेही इथेच ठरवावे, कारण ज्येष्ठ प्राध्यापकाकडून विभागाची घडी बसवण्याची अपेक्षा असते आणि तरुण अभ्यासकाकडे आपण पुढील पंचवीस वर्षांची गुंतवणूक म्हणून पाहत असतो. दोघांचे अर्ज एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पदवीच्या अटीबाबत थोडी सावधगिरी हवी. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती, आणि ते शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ व कामाने नगररचनाकार होते. आज अशी नेमणूक करावी असे कुणी म्हणणार नाही, कारण विषयाची शिस्त आता पक्की झाली आहे. तरीही मानवशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, भूगोल किंवा विकास-अभ्यास यांत पदवी घेऊन समाजशास्त्रीय काम करणाऱ्या उमेदवारांना केवळ पदवीच्या नावावरून दार बंद करायचे का, याचे उत्तर संस्थेच्या नियमांच्या चौकटीत राहून आधीच लिहून ठेवावे. छाननीच्या वेळी एखादा आवडता अर्ज समोर आल्यावर हे उत्तर शोधले, तर तो न्याय होत नाही.

शहराचा या निवडीशी काय संबंध

शहर आणि समाजशास्त्र यांचे नाते जुने आहे. शिकागो विद्यापीठात १८९२ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि पुढे रॉबर्ट पार्क, अर्नेस्ट बर्जेस यांच्या काळात तेथील विद्यार्थ्यांनी शहरातील वस्त्या, टोळ्या, नृत्यगृहे आणि स्थलांतरितांचे मोहल्ले पायी फिरून अभ्यासले. शहर म्हणजे समाजाची प्रयोगशाळा, ही कल्पना तिथलीच. आजही शहरी विद्यापीठाच्या जाहिरातीत ती वेगवेगळ्या शब्दांत डोकावते, आणि उमेदवारही आपल्या निवेदनात ती हौसेने वापरतात.

त्याआधीची एक नेमणूक मात्र अधिक बोलकी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या प्रभागातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्यासाठी नेमले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेल्या या विद्वानाला पद दिले ते साहाय्यकाचे. वर्गात शिकवण्याचे काम दिलेच नाही. त्यांनी घरोघरी जाऊन हजारो लोकांची माहिती गोळा केली आणि त्यातून १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आज नागरी समाजशास्त्राच्या पायाभूत कामांत गणला जातो. पण तोपर्यंत ते अटलांटाला निघून गेले होते. विद्यापीठाला शहराची माहिती हवी होती, ती आणणारा माणूस सहकारी म्हणून नको होता. वर्णद्वेष हे त्याचे उघड कारण होते. तरी त्यातला एक धागा आजच्या भरतीलाही लागू पडतो : एखाद्या वस्तीत प्रवेश आहे, एखादी भाषा येते किंवा एखाद्या समूहाशी नाते आहे म्हणून उमेदवाराला घ्यायचे, आणि सिद्धान्ताचे अभ्यासक्रम, पदव्युत्तर मार्गदर्शन, समित्यांमधील मत हे सारे इतरांकडे ठेवायचे, ही वाटणी अजून अनेक ठिकाणी दिसते.

निवड समितीच्या दृष्टीने शहराचे तीन अर्थ होतात आणि ते वेगळे ठेवलेले बरे. पहिला अर्थ अभ्यासविषयाचा. इथे लगेच नागरी समाजशास्त्राचा तज्ज्ञ हवा असे मानू नये. स्थलांतर, सार्वजनिक आरोग्य, असंघटित श्रम किंवा पोलीस व्यवस्था यांवर काम करणारी व्यक्ती शहराबद्दल कधीकधी अधिक मोलाचे सांगू शकते, आणि ग्रामीण भागाचा अभ्यासकही, कारण गावातून निघालेली माणसे अखेर पोहोचतात कुठे, हे तोच मागोमाग पाहत आलेला असतो. दुसरा अर्थ विद्यार्थ्यांचा : शहरी विद्यापीठात नोकरी सांभाळून शिकणारे, लांबून प्रवास करून येणारे, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांना शिकवण्याचा अनुभव ही स्वतंत्र पात्रता आहे. तिसरा अर्थ शेजाऱ्यांचा आहे, आणि तो जाहिरातीत सहसा सुटतो. विद्यापीठाच्या आसपासच्या गरीब वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. लोक त्याच प्रश्नांची उत्तरे देऊन कंटाळलेले असतात आणि त्या माहितीचे पुढे काय झाले हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. नवा प्राध्यापक दरवर्षी तीस-चाळीस विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी याच वस्त्यांत पाठवणार असतो. तो ते कसे करील, हे मुलाखतीत विचारायलाच हवे.

समिती आणि जाहिरात

समिती पाच ते सात जणांची असावी. विभागातील भिन्न पद्धतींचे अभ्यासक, दुसऱ्या विभागातील एक सदस्य आणि बाहेरील एक विषयतज्ज्ञ असल्यास चर्चा एकसुरी होत नाही. विद्यार्थ्यांचे मत घ्यायचे असेल तर ते कोणत्या टप्प्यावर आणि किती वजनाने, हे आधी जाहीर करावे. केवळ शोभेसाठी त्यांना बसवू नये. पहिल्याच बैठकीत प्रत्येक सदस्याने हितसंबंधांचे लेखी निवेदन द्यावे. कुणाचा माजी विद्यार्थी, सहलेखक, नातेवाईक किंवा जुना प्रतिस्पर्धी अर्जदारांत असेल तर त्या अर्जापुरते संबंधित सदस्याने बाजूला व्हावे. समाजशास्त्राचे विश्व लहान असते, त्यामुळे नुसती ओळख असणे हा दोष मानता येत नाही. ओळख उघड न करणे हा मानावा. समिती केवळ शिफारस करते की अंतिम निर्णयही घेते, हेही सर्वांना स्पष्ट असावे, नाहीतर अखेरच्या क्षणी वरून आलेला बदल सगळ्यांच्याच पदरी अविश्वास टाकतो.

जाहिरातीत कार्यभार, वेतनश्रेणी, नेमणुकीचा कालावधी, शिकवायचे अभ्यासक्रम आणि छाननीचे निकष स्पष्ट लिहावेत. पहिल्या टप्प्यावर परिचयपत्र, अर्जाचे पत्र आणि लेखनाचा एक नमुना इतकीच कागदपत्रे मागावीत. शिफारसपत्रे फक्त दुसऱ्या यादीत आलेल्यांचीच मागवावीत. दोनशे अर्जांसाठी सहाशे पत्रे लिहवून घेणे हा त्या लिहिणाऱ्यांच्या वेळेचा अपव्यय आहे, आणि ज्यांचे मार्गदर्शक प्रसिद्ध नाहीत अशा उमेदवारांना ते पहिल्याच पायरीवर मागे ढकलते.

जाहिरात पोहोचवण्याच्या बाबतीत ग्रॅनोव्हेटर यांचे म्हणणे कामाला लावता येते. सदस्यांनी आपापल्या जवळच्या सहकाऱ्यांना कळवले तर तीच माहिती त्याच वर्तुळात फिरत राहते. त्यापेक्षा लहान महाविद्यालये, संशोधन संस्था, स्वयंसेवी संघटनांतील संशोधक, प्रादेशिक भाषांतील नियतकालिके आणि विषयाच्या व्यावसायिक संघटना यांच्यापर्यंत ती मुद्दाम धाडावी. अर्ज यायला किमान सहा आठवडे द्यावेत.

अर्ज वाचताना

संपूर्ण भरतीत सर्वाधिक वेळ इथे द्यायला हवा, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी दिला जातो तोही इथेच. प्रत्येक अर्ज दोन सदस्यांनी एकमेकांशी न बोलता वाचावा, ठरलेल्या निकषांवर गुण व एक-दोन वाक्यांचे कारण लिहावे, आणि दोघांच्या मतांत मोठी तफावत असेल तिथे तिसऱ्याने वाचावे. गुणांची बेरीज हा काही अंतिम निकाल नव्हे. कारण लिहायला भाग पाडणे हा तिचा खरा उपयोग.

प्रकाशनांची संख्या आणि उद्धरणांचे आकडे पाहण्याचा मोह मोठा असतो. संशोधकाच्या किती लेखांना किमान तितकीच उद्धरणे मिळाली, हे सांगणारा एच-निर्देशांक २००५ मध्ये सुचवला तो होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने, आणि जिथे संशोधन मुख्यतः लेखांतून व अनेकदा बहुलेखकी स्वरूपात प्रसिद्ध होते, अशा क्षेत्रांत तो काही अंशी शोभतो. समाजशास्त्रात मात्र दोन वेगळ्या संस्कृती शेजारी नांदतात. सर्वेक्षणांच्या विदेवर (गोळा केलेल्या माहितीवर) काम करणारा अभ्यासक सहलेखकांसह वर्षाला दोन-तीन लेख प्रसिद्ध करू शकतो. एखाद्या कारखान्यात किंवा रुग्णालयात दीड वर्ष बसून निरीक्षण करणारा अभ्यासक पाच-सहा वर्षांनी एक ग्रंथ देतो आणि त्यावर नाव फक्त त्याचे एकट्याचे असते. या दोघांची संख्येने तुलना केली तर विभाग नकळत एका पद्धतीला हद्दपार करतो. नियतकालिकाचा प्रभावांक, म्हणजे त्यातील लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात तो आकडा, व्यक्तीच्या कामाचे मोजमाप म्हणून वापरू नये, असे संशोधन-मूल्यांकनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले आहे, आणि जगभरातील अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. आपल्या संस्थेनेही केली असेल, तर समितीने ते वाचलेले असावे.

विद्यापीठाच्या नावाचा प्रभाव याहून सूक्ष्म असतो. अमेरिकेतील समाजशास्त्र विभागांत कुणाचे डॉक्टरेटधारक कुठे नेमले जातात, याच्या जाळ्याचा अभ्यास व्हॅल बरिस यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. विभागांची प्रतिष्ठा बऱ्याच अंशी त्या देवाणघेवाणीतील स्थानावरून ठरते, असे त्यांना आढळले, आणि या रचनेला त्यांनी जातिव्यवस्थेची उपमा दिली. विषयच विषमतेचा असलेल्या विभागाला ही उपमा टोचायला हवी. उपाय साधा आहे : पहिल्या वाचनात लेखनाचा नमुना परिचयपत्राच्या आधी वाचावा, आणि तोही नाव व संस्था झाकून. झाकलेले नाव जाणकाराला ओळखू येतेच, असा आक्षेप यावर घेतला जातो. काही अर्जांबाबत तो खराही असतो, पण बाकीच्या बहुसंख्य अर्जांना मिळणारा लाभ त्यामुळे कमी होत नाही.

नमुना वाचताना काय पाहावे? गुणात्मक, म्हणजे मुलाखती व निरीक्षणांवर आधारलेले काम असेल तर क्षेत्रात प्रवेश कसा मिळाला, तिथे लेखकाची स्वतःची जागा काय होती आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची ओळख कशी जपली, हे पाहावे. विरोधी पुरावा मजकुरात कुठे आहे, तेही शोधावे. ज्या लेखात प्रत्येक मुलाखत लेखकाच्या म्हणण्याला दुजोराच देते, त्या लेखाबद्दल शंका घेतलेली बरी. परिमाणात्मक काम असेल तर पाहणीसाठी कोणाला निवडले, कोण सुटले, संकल्पना मोजण्यासाठी निवडलेला प्रश्न ती खरोखर मोजतो का आणि निष्कर्ष आकड्यांच्या पलीकडे किती धावले आहेत, हे तपासावे. सैद्धान्तिक लेखनात थोर नावांची गर्दी दिसते. त्या नावांशिवाय युक्तिवाद उभा राहतो का, ते पाहावे. इंग्रजीत न लिहिलेले काम वाचू शकणारा सदस्य समितीत नसेल तर बाहेरून वाचक नेमावा, पण ते काम शून्य धरू नये. बाळंतपण, आजारपण किंवा कुटुंबातील जबाबदारीमुळे पडलेला खंड वर्षांच्या हिशोबातून वजा करावा.

अध्यापनविषयक निवेदने अलीकडे एकसारखी गुळगुळीत वाचायला मिळतात, आणि यंत्राकडून लिहून घेतलेली कोणती, हे ओळखण्याच्या खटपटीत पडण्यात अर्थ नाही. त्यांचे वजनच कमी करावे आणि त्याऐवजी प्रत्यक्ष शिकवलेल्या एखाद्या अभ्यासक्रमाची रूपरेषा व दिलेला गृहपाठ मागावा. विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांबाबतही जपून राहावे. एका ऑनलाइन अभ्यासक्रमात त्याच शिक्षकाने पुरुषाच्या नावाने शिकवले तर अधिक गुण मिळाले आणि स्त्रीच्या नावाने शिकवले तर कमी, असा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो एकच लहान प्रयोग असला, तरी अशा गुणांच्या दशांश चिन्हापुढील फरकावरून कुणाला वगळू नये इतका धडा त्यातून घेता येतो.

मुलाखत आणि नमुना वर्ग

चार ते पाच उमेदवारांना बोलवावे. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने आणि तेवढ्याच वेळात विचारावेत. उत्तरावरून उपप्रश्न अवश्य विचारावेत. आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा पुढील कामगिरीचा अधिक चांगला अंदाज देते, हे नोकरभरतीवरील संशोधनात अनेक दशके पुन्हापुन्हा दिसून आले आहे. तरी विद्वानांना ती शाळकरी वाटते, आणि समितीतील ज्येष्ठ सदस्य दुसऱ्याच प्रश्नाला आपल्या आवडत्या विषयाकडे वळतात. अध्यक्षाने तिथे नम्रपणे पण ठामपणे आवरायला हवे.

प्रश्न उमेदवाराने केलेल्या कामावर आधारलेले असावेत. क्षेत्रकार्यात एखाद्याने दिलेली माहिती वापरायची नाही असे तुम्ही कधी ठरवले आणि का. तुमच्या प्रबंधातील कोणता निष्कर्ष आज तुम्हाला कच्चा वाटतो. पहिल्या वर्षाच्या शंभर जणांच्या वर्गाला आणि पदव्युत्तर आठ जणांना एकच संकल्पना शिकवायची तर काय बदलाल. आसपासच्या वस्तीत विद्यार्थ्यांना पाठवण्यापूर्वी कुणाशी बोलाल आणि काम संपल्यावर तिथे काय परत न्याल. अशा प्रश्नांना तयार उत्तरे नसतात, आणि अनुभवी माणूस व वाचलेले बोलणारा माणूस यांतील फरक लगेच दिसतो.

या विषयात एक अडचण अशी की जात, धर्म, लिंगभाव, वंश, राज्यसंस्था असे धगधगते प्रश्न अभ्यासक्रमातच असतात, त्यामुळे उमेदवाराची राजकीय मते चाचपून पाहण्याची इच्छा समितीला होते. ती दाबावी. विचारायचे ते वर्गाबद्दल : दोन विद्यार्थी एकमेकांच्या समाजाविषयी कडवट बोलू लागले तर तुम्ही काय कराल, तुम्हाला न पटणारा सिद्धान्त तुम्ही कसा शिकवता. न पटणाऱ्या सिद्धान्ताची सर्वांत सबळ मांडणी उमेदवाराकडून तिथल्या तिथे करून घ्यावी. पाच मिनिटे पुरतात, आणि त्या पाच मिनिटांत त्याची बौद्धिक सचोटी बऱ्यापैकी कळते. वैवाहिक स्थिती, मुले, जात, धर्म यांविषयीचे प्रश्न औपचारिक मुलाखतीत तर नकोतच, पण चहाच्या वेळीही नकोत.

चहा-जेवणाचा भाग खरोखर धोक्याचा असतो. लॉरेन रिव्हेरा यांनी नामांकित कायदा, सल्लागार व गुंतवणूक संस्थांतील भरतीचा अभ्यास २०१२ मध्ये मांडला. उमेदवार आपल्यासारखे छंद जोपासतो का, त्याच्याशी गप्पा रंगतील का, यावर तिथल्या निवडकर्त्यांचा निर्णय मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. विभागातही हेच घडते, फक्त शब्द बदलतात. ‘आपल्यात मिसळेल का’ हा प्रश्न कुणी काढला तर ‘मिसळणे म्हणजे कोणते काम, आणि त्याचा पुरावा काय’ असा प्रतिप्रश्न करावा. सहकाऱ्यांशी मतभेद हाताळणे, समितीचे काम वेळेत करणे, विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकून घेणे या खऱ्या गरजा आहेत. त्यांवर सर्वांना सारखा प्रश्न विचारता येतो.

नमुना वर्ग सर्वांना एकाच विषयावर द्यावा आणि आठवडाभर आधी कळवावा. आत्महत्येच्या दरांवर एमिल दुर्खेम यांनी १८९७ मध्ये केलेले विवेचन हा त्यासाठी उत्तम विषय ठरतो, कारण तो सर्वांना येतो, त्यात आकडे आहेत, सिद्धान्त आहे आणि वर्गात कुणाच्या तरी घरात ती घटना घडलेली असू शकते, याचे भान ठेवावे लागते. उमेदवार हे भान ठेवतो का, हे न सांगता दिसते. संशोधनावरील व्याख्यान वेगळ्या दिवशी किंवा निदान वेगळ्या सत्रात घ्यावे. व्याख्यान रंगले म्हणून वर्गाचे गुण वाढत नाहीत आणि वर्ग फसला म्हणून संशोधन हलके ठरत नाही, याची आठवण गुणतक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवले की आपोआप राहते.

शिफारस देणाऱ्यांशी दूरध्वनीवर बोलणार असाल तर सर्वांसाठी बोला. एकाच उमेदवाराची चौकशी करणे हा संशयाचा पुरावा आहे, निवडीचा नव्हे.

निर्णय

शेवटची मुलाखत संपल्यावर लगेच चर्चा सुरू करू नये. प्रत्येकाने आधी आपली टिपणे लेखी द्यावीत, मग बोलावे, आणि बोलण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्याकडून व्हावी. विभागप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे. हा क्रम उलटा झाला की चर्चा प्रमुखाच्या मताभोवती फिरू लागते. प्रत्येक उमेदवाराची बलस्थाने व मर्यादा ठरलेल्या निकषांवर नोंदवल्याशिवाय क्रमवारी लावू नये. चर्चेत नवाच निकष पुढे आला, उदाहरणार्थ ‘परदेशातील अनुभव’ किंवा ‘माध्यमांतील नाव’, तर तो कुणाच्या बाजूने आला आहे ते पाहावे. बहुधा एखाद्या आधीच आवडलेल्या उमेदवाराला वर आणण्यासाठीच तो सुचलेला असतो.

विभागात आधीपासून हंगामी शिकवणारी व्यक्ती उमेदवार असेल तर प्रश्न नाजूक होतो. तिचे दोष सर्वांना ठाऊक असतात आणि बाहेरच्यांचे ठाऊक नसतात; त्याचबरोबर तिच्याबद्दल आपुलकीही असते. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडून काढतात असे समजू नये. तिची मुलाखत आणि वर्ग इतरांसारखाच पूर्ण घ्यावा आणि निर्णय काहीही झाला तरी तो प्रमुखाने तिला समोर बसून सांगावा, सूचनाफलकावरून कळू देऊ नये.

कुणीही अनिवार्य अटी पूर्ण करीत नसेल तर पद रिक्त ठेवण्याचे धाडस समितीने दाखवावे. मंजूर पद परत गेले तर काय, ही भीती प्रत्येक विभागाला असते आणि ती निराधार नसते. म्हणून पदाची मुदतवाढ मिळते का, हे जाहिरात काढण्याआधीच प्रशासनाकडून लेखी घ्यावे.

देकार आणि पहिले वर्ष

निवड झाली म्हणजे माणूस आला, असे नसते. शहरातील भाडे, रोजचा प्रवास, जोडीदाराची नोकरी आणि मुलांची शाळा यांवर चांगले उमेदवार नकार देतात, आणि विभागाला त्याचे खरे कारण अनेकदा कळतही नाही. म्हणून देकार, म्हणजे नियुक्तीचा प्रस्ताव, देतानाच निवासाची काय सोय आहे, तासिका संध्याकाळच्या किती आणि सलग दिवसांत बसवता येतील का, संशोधनासाठी सुरुवातीला किती निधी मिळेल आणि बसायला स्वतंत्र खोली आहे की नाही, हे लेखी द्यावे. जे देता येणार नाही ते स्पष्ट सांगावे. विचार करायला दोन आठवडे द्यावेत. दोन दिवसांत उत्तर मागणाऱ्या विभागाला होकार घाईचाच मिळतो. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पहिल्याचे उत्तर येईपर्यंत अंधारात ठेवण्यापेक्षा प्रक्रिया सुरू असल्याचे प्रामाणिकपणे कळवावे.

पहिल्या सत्रात कार्यभार कमी ठेवावा आणि तीन नवे अभ्यासक्रम एकदम देऊ नयेत. समाजशास्त्रज्ञाला नव्या शहरात क्षेत्रकार्य उभे करायला वेळ लागतो : नीतिमूल्य समितीची परवानगी, वस्तीतील संघटनांशी ओळख, भाषेचे बारकावे, सहायकांचे प्रशिक्षण. पहिल्याच वर्षी प्रकाशनाचा आकडा मागितला तर तो मिळेल, पण जुन्या विदेवर. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला मार्गदर्शक म्हणून नेमावे, आणि तो नव्या माणसाचे मूल्यमापन करणारा नसावा. महत्त्वाच्या समित्यांवर त्याला लगेच घेण्याचा उत्साह आवरावा, विशेषतः तो विभागातील एखाद्या समूहाचा एकमेव प्रतिनिधी असेल तर. अशा व्यक्तीला प्रत्येक समितीत बोलावले जाते आणि संशोधनासाठी लागणारा वेळ तिथेच संपतो.

उरलेल्या उमेदवारांना, मुलाखतीला आलेल्यांना व्यक्तिशः आणि बाकीच्यांना पत्राने, नियुक्तीचा होकार आल्यापासून आठवड्याभरात कळवावे. मुलाखतीला आलेल्यांपैकी कुणी विचारले तर निकषांना धरून दोन-तीन उपयोगी गोष्टी सांगाव्यात, दुसऱ्या उमेदवाराशी तुलना करू नये. गुणतक्ते, हितसंबंधांची निवेदने आणि निर्णयाची कारणे संस्थेच्या नियमानुसार ठरलेल्या मुदतीपर्यंत एका ठिकाणी जपावीत, सदस्यांच्या वैयक्तिक संगणकांवर व ईमेलमध्ये राहिलेल्या अर्जांच्या प्रती मात्र त्याच आठवड्यात काढून टाकाव्यात.